ताईच्या चूर्णाचा डबा

ता. ४ फेब्रुवारी

चि. पोपटास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कीव आली. अंधांच्या वाचनालयासाठी तू पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणार, आणि नायिका शेवटचा श्वास घेत असताना तुझं पोट गुरगुरणार. शेजारच्या खोलीत कुणी कण्हत होतं का, असं ऐकणाऱ्या बाईंनी विचारलं, त्यात त्यांची काय चूक? पुढचं पुस्तक स्वच्छ आलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला देऊ असं साहेब म्हणाले, तेही बरोबरच.

तू जन्माचा हावरा. सोबत डबा पाठवते आहे. ओवा, बडीशेप, सुंठ, हिंग. सगळं घरी भाजून कुटलेलं. जेवणानंतर चमचाभर घे, वर कोमट पाणी. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं याच डब्यावर तगून आहेत. नाकं मुरडायला शिकलेलेच पुढे.

ह्यांनी करून दिलेली कवळी कशी आहे, ते ह्यांनी विचारलं आहे.

लोभ आहेच, पचेल तेवढा वाढव.
ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं चूर्ण इमानेइतबारे घेतलं. पोटातला वारा जिथल्या तिथे, वर तोंडाला हिंगाचा वास. रेकॉर्डिंगवाला आता खिडकी उघडून बसतो, त्यामुळे पोटाबरोबर रस्त्यावरचे हॉर्नही पुस्तकात शिरतात. त्याआधी पुदिन्याचा अर्क झाला, आल्याचा रस झाला, शेजाऱ्यांचा कडू काढा झाला. पोट नव्हे, भाजीबाजार झालाय.

तू हसशील, पण मला भीती वाटते. ही गेल्यापासून माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकतं ते त्या एकाच खोलीतून. उद्या डॉक्टरांकडे जातो. भावोजींना सांग, कवळी झकास आहे.

रागावून का होईना, लोभ ठेव.
पोपट

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र भावोजींच्या हाती पडू देऊ नकोस. डॉक्टरांनी पोट दाबलं आणि मग मला पेपर मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्या परिच्छेदालाच त्यांनी थांबवलं. म्हणाले, पोटात काही बिघाड नाही, कवळी सैल आहे. ती घसरते, मी जिभेने वर ओढतो आणि दर वाक्याला घोटभर हवा गिळतो.

सैल तर ती पहिल्या दिवसापासून आहे. पण भावोजींनी इतक्या हौसेने केली, आरसा धरून कौतुकाने बघत उभे राहिले. त्यांना काय सांगणार? आता दुसरीकडून गुपचूप करून घेऊ का? साहेबांनी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

लोभ असू दे आणि तोंड बंद असू दे.
पोपट

ता. २५ फेब्रुवारी

चि. पोपटास, अनेक आशीर्वाद, लायकी नसताना.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी ते हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, आजवर एकाचीही तक्रार आली नाही. मी म्हटलं, कशी येईल, तुम्ही आरसा धरून उभे असता ना.

नंतर मला माझी चूर्णाची गिऱ्हाईकं आठवली. कोपऱ्यावरचे पोस्टमास्तर, शिवणवाली, ह्यांची थोरली बहीण. सगळ्यांच्या तोंडात ह्यांचीच कवळी. ह्यांनी वारा भरायचा आणि मी तो काढायचा, असा आमचा जोडधंदा चालला आहे. आणि एवढ्या माणसांत खरं बोलायची छाती एकालाही झाली नाही. भिडेखातर पोट फुगवून घेणारी भित्री जात तुमची सगळ्यांची.

हे रविवारी मापाचं सामान घेऊन तुझ्याकडे येत आहेत. तोंडावर सांग, सैल आहे. पुन्हा झकास म्हणालास तर मला पत्र लिहू नकोस. साहेबांची मुदत संपायच्या आत कवळी हातात पडेल, ते माझ्याकडे लागलं.

आणि तुझी नीट बसली की लगेच कळव. ते चूर्ण मी स्वतः अकरा वर्षं खाते आहे. माझीही कवळी ह्यांनीच केलेली. ह्यांना अजून बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

लोभ असावा, आणि हे पत्र फाडावं.
ताई