ज्याचा बोर्ड, त्याचा डेमो

५ जाने., सोम.
माजी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन माझ्या गळ्यात. प्रिं. म्हणाले, "मॅडम, मेमध्ये तुम्ही निवृत्त होताय, जाता जाता एवढं क्युरेट करून जा." जाता जाता! सव्वीस वर्षं या पालघरच्या कॉलेजात पेंटिंग शिकवलं आणि हा माणूस मला सांगतो कसा, जणू जाता जाता कचऱ्याची पिशवी खाली टाका. "करते" म्हटलं. जीभ झडली होती बहुतेक.

८ जाने., गुरु.
यादी झाली, अठरा जण. निम्मे ड्रॉइंग टीचर, दोघं लग्नाचे फोटो काढतात, एकाचं बोईसरला फ्लेक्सचं दुकान. मोठं नाव एकच, निलेश. सरावलीच्या चाळीतला, बाप कंपनीत हेल्पर. आता मुंबईत सोलो शो, पेपरात मुलाखती, दाढी.
फोन केला. "मॅडम, तुमच्यासाठी काहीही." लोणी. म्हणे सेकंड इयरचं एक पोर्ट्रेट पाठवतो, "माझं पहिलं खरं चित्र." पाठव बाबा.
गुडघा ठणकतोय.

१३ जाने., मंगळ.
बोईसरहून चित्रांचा टेम्पो आला. फ्रेमवाला भैया एकेक उलगडत होता. एकाशी थांबला. "मॅडम, ये वाला सबसे बढ़िया है. किसका है?"
जवळ जाऊन बघितलं.
माझं आहे ते. माझं!
ऑईल, बोर्डावर. म्हातारीचं पोर्ट्रेट, तीनचतुर्थांश चेहरा. सफाळ्याच्या पार्वतीबाई, तेव्हा आमच्या वर्गाला मॉडेल म्हणून बसायच्या. मी पाऊण तासात डेमो दिला होता. जबड्याखालच्या सावलीत हिरवा, तो मीच घालते, अख्ख्या जिल्ह्यात दुसरं कोणी घालत नाही. डोळ्यातला तो एक ठिपका लावल्यावर वर्ग गप्प झाला होता, तेही आठवतंय. बोर्ड निलेशचा होता, त्याच्याच डाँकीवर, बोर्ड टेकवून बसायच्या बाकावर, बसले होते.
उजव्या कोपऱ्यात लाल रंगात सही. निलेश. खाली झोकदार रेघ.
मेला चोर.

१४ जाने., बुध.
वहिनीने तिळगूळ हातावर ठेवला, "गोड बोला जरा." कोणाशी?
निलेशला फोन. सरळ विचारलं, माझ्या डेमोवर तुझी सही कशी? म्हणतो, "मॅडम, बोर्ड माझा होता. तुम्हीच सांगायचात, ज्याचा बोर्ड त्याचा डेमो."
सांगायचे. दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. शिक्षकाने पोराच्या बोर्डावर हात चालवला, तर ते चित्र पोराने घरी न्यायचं, शिक्षकाने सही करायची नाही. माझ्या सरांनी मला असंच दिलेलं एका डोक्याचं चित्र माझ्या हॉलमध्ये टांगलंय. पण त्यावर मी माझं नाव ठोकलेलं नाही! घरी न्यायचं म्हणजे न्यायचं. स्वतःचं म्हणून मिरवायचं नव्हे. हा फरक पंधरा वर्षं मुंबईत राहून याला कळला नाही?
फोन मीच आपटला.

१६ जाने., शुक्र.
प्रिं.नी कॅटलॉगच्या कव्हरला नेमकं तेच निवडलं. "काय नजर आहे हो मुलाची! सेकंड इयरला! तुम्ही घडवलंत मॅडम." घडवलं कसलं डोंबल.
इथे तरी खरं लिहावं. ते चित्र बघून मला रडू आलं, रागाने नाही. त्यानंतर असं एकही माझ्या हातून झालेलं नाही. वर्ग, फाइली, तपासण्या, ह्याच्या-त्याच्या निरोपसमारंभाचं सूत्रसंचालन. माझं म्हणावं असं एक चित्र झालं, ते दुसऱ्याच्या सहीने कव्हरवर जाणार आणि ओळख करून देणार मी.
नाही. लेबलं २२ला छापायला जातात, क्युरेटर मी आहे. नाव माझं टाकणार.
त्याच्या वर्गातल्या दोघांना फोन केले, साक्षीला. दोघांनाही "नीट आठवत नाही मॅडम." दोघांचीही चित्रं प्रदर्शनात आहेत आणि दोघांनाही निलेशकडून मुंबईत ओळखी हव्यात. बुळे.

१८ जाने., रवि.
सफाळ्याला गेले. पार्वतीबाई आहेत अजून. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. ओळखलं लगेच. "बाई तुमी! किती वाळलाव!" सुनेला चहा टाकायला लावला.
मोबाइलवर चित्र दाखवलं. लांब धरलं, जवळ धरलं.
"हा तुमी काढलेला."
मी तर उडालेच. "बघा! तुम्हाला आठवतंय! सगळ्यांसमोर सांगाल?"
"सांगेन की. त्यात काय हाय. पोराचा पुसून तुमी काढलाव."
म्हटलं, पुसून म्हणजे?
"तो पोरगा दोन दिस काढत व्हता. तुमी आलाव, त्याला बोललाव ऊठ. मग ती पातळ सुरी घेऊन खरवडलाव सगळा. मला वाईट वाटला. बरा व्हता तो. माझ्यासारका व्हता."
"आणि हा?"
परत बघितलं. हसल्या. "ही कोणी चांगल्या घरची बाई हाय. मी नाय ही."
चहा तसाच राहिला. स्टेशनवर येईपर्यंत एकच डोक्यात: म्हातारीला चित्रातलं कळतं काय. लाकडं तोडणारी, वाल विकणारी बाई.

१९ जाने., सोम.
खरवडलेलं मला आठवत नाही. अजिबात नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईचं काय धरून बसायचं!

२० जाने., मंगळ.
वर्ग सुटल्यावर बोर्ड खिडकीशी नेला, तिरका धरला. उन्हात रंगाचे कंगोरे दिसतात.
आहे. मी काढलेल्या कानाच्या खाली दुसरा कान आहे. माझ्या हनुवटीबाहेर दुसरी हनुवटी आहे, रुंद, थोडी डावीकडे झुकलेली. रविवारी ओट्यावर समोर होती ती.
म्हणजे ड्रॉइंग त्याचं बरोबर होतं. माझं चुकलेलं होतं. चुकलेलंच, फक्त देखणं.
तरी डोळे माझेच. ते मी सोडणार नाही.

२२ जाने., गुरु.
लेबलं गेली नाहीत. प्रिं. केबिनमध्ये बोलावून: "एका नावासाठी सगळं अडवलंत? चित्रावर सही आहे ना? वाचता येतं ना?" म्हटलं, मला वाचायला शिकवू नका. शिपाई दारात, सगळं ऐकत होता. ऐकू दे.
भावाचा सल्ला, "ताई, चार महिने राहिलेत, कशाला वितंडवाद?" हाच भाऊ प्लांटमध्ये एका इन्क्रिमेंटसाठी सहा वर्षं कोर्टात जात होता.

२३ जाने., शुक्र.
निलेश आला. वाकून नमस्कार केला, मी पाय मागे घेतला. पोरं चित्रं लावत होती, त्यांना कँटीनला पिटाळलं.
सगळं ठरवून ठेवलं होतं, असं म्हणेन, तसं झापेन. प्रत्यक्षात त्याला बोर्ड तिरका धरून दाखवला. म्हटलं, "हे तुझं?"
"हो."
"मी खरवडलं?"
"हो मॅडम."
"मग तोंड का नाही उघडलंस?"
"तुम्ही ऊठ म्हणालात. मी उठलो."
एवढंच. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं, मला फाडून खाता आलं असतं. मी म्हटलं, आणि सही? ती कशाला ठोकलीस? म्हणतो, "खाली माझं होतं म्हणून. बाकी कुठे करणार?" मग हळूच, "वरचं तुमचं आहे, मला माहीत आहे. सगळे त्याचंच कौतुक करतात. मुंबईत पहिल्यांदा कोणी मला शोमध्ये घेतलं ते हेच बघून. मला अजून ते नीट बघवत नाही."
तर मग पाठवलंस कशाला?
"तुम्ही ओळखता का, बघायचं होतं."
हलकट. मुद्दाम केलं. पंधरा वर्षं डूख धरून बसला होता. आणि मी काय म्हणणार? लेबलवर काय लिहू विचारलं, तर "क्युरेटर तुम्ही आहात." हेही बरंच शिकलाय.
सही पुसतोस का, म्हटलं. "पुसतो. आत्ता. तुम्ही माझी पार्वतीबाई परत द्या."
मी त्याला बाहेर काढलं. ओरडूनच काढलं. पोरं कँटीनमधून धावत आली.

२४ जाने., शनि.
उद्या संध्याकाळी उद्घाटन. प्रिंटरला अकरापर्यंत नाव कळवायचं होतं. बाकीची सतरा लेबलं छापून लागली, राहिलं ते एकच.
साडेदहाला सेकंड इयरचा तास. मॉडेल एक निवृत्त रेल्वेवाले काका. फेरी मारत होते. एका मुलीच्या बोर्डाशी थांबले. हनुवटी चुकलेली. ठार चुकलेली, कोणालाही दिसावी. "ऊठ" म्हटलं. उठली. डाँकीवर बसले, रंग खरवडायची नाईफ हातात घेतली, पातं टेकवलंसुद्धा.
मग मान वळवून विचारलं, "पुसू?"
"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."
माझं डोकंच फिरलं. "मी म्हणेन तसं म्हणजे काय? चित्र कुणाचं आहे? तोंड नाही तुला?" काकांनी मान हलवली, पोझ गेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी, नुसती माझ्या हाताकडे बघत उभी. खिशात फोन वाजत होता, प्रिंटरचाच असणार. नाईफ बोर्डावर तशीच. हनुवटी चुकलेलीच होती हो, खरंच चुकली होती.