पेढ्यांच्या छापाची हकीकत

भैंसा, डिसेंबर १९५६

प्रिय साडूभाऊ शामराव यांस नागोरावाचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. हैदराबादच्या पाण्यानं तुमचं पोट पुन्हा बिघडलं नसेल, अशी आशा आहे. गेल्या महिन्यात आपला तालुका नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेला. घर जागचं हललं नाही, पत्ता तेवढा हलला. (म्हशीला अजून कोणी सांगितलेलं नाही, दूध पूर्वीइतकंच देते.)

तुम्ही लिहिलं होतं, तुमचे साहेब निजामाच्या काळातल्या यादगार वस्तू जमवतात, घरात काही असलं तर पाहा. मी दोन दिवस माळा उपसला. तीन फुटके कंदील आणि एक विंचू निघाला. वस्तू सापडली ती चुलीजवळच्या फळीवर. रेणुकाचा पेढ्यांवर नक्षी उठवायचा पितळी छाप, लाकडी मुठीचा, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. इतकी वर्षं मी त्या नक्षीला वेल समजत होतो. उजेडात धरली तर उर्दू अक्षरं! माझी सारी शाळा उर्दूत झाली, पण एक अक्षर लागेल तर शपथ. आपले पोस्टमास्तर उद्धवराव यांनी भिंग लावून निकाल दिला, की ही निजामाच्या जुबिलीची यादगार आहे, अशी दुसरी सापडायची नाही. (वाचता त्यांनाही आलं नव्हतं, पण भिंग त्यांचं होतं.)

मग मी छाप चिंचेनं घासला, मखमलीवर मांडला, आणि सगळी गल्ली पाहायला येऊ लागली.

"पाव्हणे आले का पेढे लागतेत, अन् छाप तुमी पुजून ठेवला. काऊन?" रेणुका म्हणाली. "माझ्या बाबानं तो कामाले देला होता." आणि छाप उचलून ती आत गेली.

रविवारी वामनराव आले. करोडगिरीच्या नाक्यावरचे जुने कारकून. (पोरांना आता हा शब्दही ठाऊक नाही. मालावर जकात घेणारं ते खातं.) त्यांनी पेढा उचलला, तोंडाशी नेला, थांबले, चष्मा लावला आणि पेढा वाचला, "महसूल वसूल. माल जाने दो."

शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरतात, म्हणजे लाखेवर सरळ उमटतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"हा आमच्या नाक्याचा शिक्का," वामनराव म्हणाले. "हा हरवला म्हणून मी पावसाळाभर खुलासे लिहिले. तुमचे सासरे तवा माझ्या हाताखाली शिपाई होते."

रेणुकाचा चेहरा उतरला. तिनं शिक्का पदरानं पुसला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "घेऊन जा काका. बाबाचं नाव तेवढं बाहेर काढू नका."

वामनरावांनी शिक्का उचलून उलटसुलट पाहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, तर ते हसत होते. "कोणाले नेऊन देऊ, पोरी? नाका उठला, खातं मोडलं, राज्यबी गेलं. ह्या शिक्क्यापायी आमी लोकायच्या गाड्या दिवसदिवस उभ्या केल्या. तू त्याच शिक्क्यानं लोकायचं तोंड गोड करून राह्यली." त्यांनी अख्खा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "घ्या, महसूल वसूल."

नंतर आणखी चार खाल्ले, प्रत्येक आधी वाचून. रेणुका हसून हसून उंबऱ्यातच बसली. तेव्हा साहेबांना सांगा, यादगार वस्तू कामात आहे, देता येत नाही. वनमालाबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नागोराव

ता. क. उद्धवरावांच्या सल्ल्यानं मी साहेबांना परस्पर पत्र टाकलं आहे की अस्सल जुबिली यादगार घेऊन लवकरच हजर होतो. ते त्यांच्या हाती पडण्याआधी तुम्ही उचलावं. खरं तर त्यासाठीच हे लिहिलं.

आणखी ता. क. जाता जाता वामनरावांना आठवलं, त्याच आठवड्यात नाक्यावरची पितळी घंटाही गेली होती. आपल्या दोघांची लग्नं एकाच मांडवात झाली, हे वेगळं सांगायला नको. उद्याच्या आरतीआधी तुमच्या देवघरातली घंटा जरा उलटी करून पाहा. घंटेवर अक्षरं सरळच कोरतात. तुम्हाला वाचता येतील.