थिरीच्या भावाचा प्रश्न

२९ सप्टें., सोम. वॉटर्लू, कॅनडा

थिरीने आज पार्किंगमध्ये गाठलं. ऑफिसात माझ्या शेजारी बसते, ब्रह्मदेशातली, कामापुरतंच बोलते. आम्ही दोघी शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनचं सॉफ्टवेअर बघतो. टाकी रिकामी होते तसं यंत्र हलकं होऊन वाऱ्यात डोलतं. ते डोलणं थांबवणं हे माझं काम. तिने नेमकं तेच विचारलं, आणि तेही भावासाठी.

भाऊ गणिताचा मास्तर. लष्कराने शाळा जाळली तेव्हापासून बंडखोरांत. त्याच्या ड्रोनखाली टाकी नसते. टेकडीवर लष्कराचं ठाणं आहे, तिथून गावावर तोफा डागतात. वाऱ्यात नेम चुकला तर बॉम्ब गावातच पडेल, म्हणून तो थांबलाय. माझ्या उत्तरासाठी.

बघते म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

३० सप्टें.

नि.ला सांगितलं. नवऱ्याचं काम घाबरण्याचं, ते त्याने चोख केलं. "अगं, पीआरची फाइल प्रोसेसमध्ये आहे आणि तू कुणाला बॉम्ब टाकायला हेल्प करणार?" चुकीचं काहीच बोलत नाही, इथे कायम राहायचा परवाना अजून हातात नाही.

पण माझं घोडं अडलंय दुसरीकडेच. बाबा फौजेत हवालदार होते. माझं सगळं लहानपण ते ईशान्येकडच्या टेकड्यांवर, असल्याच ठाण्यांत. खाली जंगलात बंडखोर. आई साताऱ्याला रोज देवापुढे दिवा लावायची, तो त्या टेकडीसाठी. आता त्याच टेकडीवर

नको. उद्या.

१ ऑक्टो., बुध.

खंडेनवमी. लॅपटॉप, नि.चा ड्रिल, गाडीची किल्ली पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. झेंडू नाही, ग्रोसरीतल्या शेवंतीवर भागवलं. पूजेतल्या हत्यारांना आज हात लावायचा नाही, म्हणून सुट्टी टाकली. एरवी मी कधी इतकी सोवळी नसते. थिरीला मेसेज केला: आज आमच्यात यंत्रांना विश्रांती, नंतर बोलू.

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. देवाने आयतंच निमित्त दिलं.

४ ऑक्टो., शनि.

इथल्या मराठी मंडळाने नवमी आज उरकली. इकडे सगळे सण शनिवारीच येतात, तिथीबिथी गेली उडत. थिरीला बरोबर नेलं. टेबलावर लॅपटॉप, कुणाचा स्टेथोस्कोप, आणि विंटर येतोय म्हणून एकाने चक्क बर्फ उपसायचं शोव्हल ठेवलेलं, त्यालाही फूल. हे काय, तिने विचारलं. सांगितलं.

"म्हणजे आजही नाही?"

"आजही नाही."

रागावेल असं वाटलं होतं. ती त्या शोव्हलकडे बघत राहिली. मग म्हणाली, भावाला कळवू का हे? कळव म्हटलं. पुरणपोळी आवडली तिला, दोन घेतल्या.

७ ऑक्टो.

बाबांना फोन केला. आडून आडून विचारलं, ठाण्यावर भीती कशाची वाटायची? म्हणाले, खालून. वर कोण बघतंय? सकाळी उन्हाला बाहेर कट्ट्यावर बसून चहा घ्यायचो, बूटसुद्धा काढून.

ते उघडे पाय दिसले मला, वरून.

मग राहवेना. विचारलं, "बाबा, तुम्ही कधी गावावर गोळीबार केला?"

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला.

"जेवलीस का?" म्हणाले.

८ ऑक्टो.

ऑफिसात थिरीने काही विचारलं नाही. तिने माझ्यासाठी कॉफी आणली. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. उत्तर मला पाठ आहे, हाच त्रास. येत नाही म्हटलं असतं तर सुटले असते, पण ती रोज शेजारी बसून बघते मला काय येतं ते.

१३ ऑक्टो., सोम. थँक्सगिव्हिंग

सकाळी थिरीबरोबर सफरचंदं आणायला बाहेर पडले. गाडीत तिने भावाचं सांगितलं. सोबतचे त्याची टिंगल करतात, मास्तर वाऱ्याला घाबरतो म्हणून. नवमीचं सांगितलं तर पोट धरून हसले. पण आता त्यांचा धीर सुटत चाललाय. हा उडवत नसेल तर दुसरा कुणी उडवेल, नेम असो नसो.

मी गाडी शेताच्या कडेला घेतली.

थिरी म्हणाली, "तू हो म्हणालीस तर तो उडवेल. नाही म्हणालीस तरी उडवतील. तू गप्प आहेस तेवढे दिवस ठाण्यातले जिवंत आहेत. माझा भाऊपण, उडवायला ठाण्याजवळ जावं लागतं. पण गावावर तोफा चालूच आहेत."

मी इंजिन बंद केलं.

"काय सांगू त्याला?"

"सांग, आमच्याकडे अजून नवमीच आहे."

ती हसली नाही. टाइप केलं, पाठवलं. तिकडे रात्र, पण तो जागाच होता. लगेच उत्तर आलं. तिने वाचलं, मग फोन माझ्या हातात दिला आणि बर्मीतलं ते सावकाश, एकेक शब्द करत इंग्रजीत सांगितलं.

त्याने विचारलंय, संपते कधी.