वेनशूचं स्थळ आणि बॉम्बरची इंजिनं

ती. स्व. ताईस,

सादर नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? 'बरे आहेत' असं लिहू नकोस. ते मागच्या चार पत्रांत वाचलं. इकडे शीआनला मी ठीक आहे. वेनशू माझ्याशी बोलत नाही.

कारण लिहिते. लेकीला चौतिसावं लागलं, म्हणून गेल्या रविवारी उद्यानात गेले आणि छत्रीवर लग्नाच्या मुलामुलींची माहिती लावून बसणाऱ्या आईबापांत मीही छत्री उघडून बसले. पण माहिती लिहायची काय? ती कुठे काम करते ते लिहायला मनाई, काय करते तेही. (मलाही तिने कधी सांगितलेलं नाही. घरी आली की हाताला रॉकेलसारखा वास येतो, त्यावरून मी काय ते समजते.) शेवटी लिहिलं, 'इंजिनिअर. नोकरी कायम. ठिकाण सांगता येत नाही. फोन लागत नाही.' तासाभरात एकच बाई थांबली आणि हळूच म्हणाली, "तुरुंगात आहे का हो?"

शेजारच्या छत्रीखाली ओउयांग नावाचे निवृत्त भूगोलाचे मास्तर बसले होते, घटस्फोटित मुलासाठी. लष्करी मासिक वाचता वाचता ते मोठ्याने म्हणाले की आपलं नवं बॉम्बर दोनच इंजिनांचं असणार, कारण दोन स्वस्त पडतात. मी गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात मी इंजिनंच शिकले, आणि चूक ऐकून घेणं मला जमत नाही. मी सांगितलं, मास्तर, खर्च संख्येवर नसतो. इंजिन किती तास उडाल्यावर दुरुस्तीला उघडावं लागतं, त्यावर असतो. भरवशाचं मोठं इंजिन नसेल तर चार मध्यम परवडतात.

"बाई, तुम्ही बॉम्बर पाहिलंय का कधी?"

"तुम्ही सगळे देश पाहून भूगोल शिकवलात का?"

झालं. वीसेक बाप छत्र्या सोडून भोवती जमले. मी वेनशूचा कागद उलटा करून मागे आकृती काढली. दोन तट पडले. एक आई ओरडली, "पोरांची लग्नं राहू द्या, आधी विमान उडवा!" कोणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं.

मंगळवारी वेनशूच्या कार्यालयातला सुरक्षा अधिकारी दारात. इंजिनांची माहिती मला कुठून मिळाली, हे त्याने विचारलं. (न्हाव्याकडचं मासिक आणि कॉलेजच्या वह्या. दोन्ही घेऊन गेला.) माझी लेखी चूक-कबुली मंजूर होईपर्यंत वेनशूला कामावर घेणार नाहीत, असं कळलं. पहिली कबुली परत आली. तिच्यात उद्यानातल्यापेक्षा जास्त गणित होतं. दुसरीत मी मास्तरांच्या चुका मोजल्या होत्या. तिसरी नऊ ओळींची, आकडे नसलेली, ती मंजूर झाली. वेनशू काल कामावर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आई, तुला नुसती छत्री धरून बसायचं होतं!"

पथ्य पाळ. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
च्याओयुन

ता. क. खरं काम हे. तो सुरक्षा अधिकारी शांग, वय छत्तीस, अविवाहित. त्याची आई तुमच्या हानचोंगलाच असते, भाजीबाजारामागे. तिन्ही वेळा आला तेव्हा बूट बाहेर काढले, माझ्या हातच्या शेवया खाल्ल्या आणि वाडगा स्वतः विसळला. वेनशू काय करते ते त्याच्यापासून लपवायला नको, आणि आपल्या घराण्याची माहिती त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्या घरची चौकशी कर. वेनशूला कळू देऊ नकोस.

आणखी एक. सध्या माझी पत्रं त्यालाच दाखवून मग पोस्टात टाकावी लागतात. इंजिनांबद्दलची सात वाक्यं त्याने काढायला लावली. ता. क. मात्र दोनदा वाचला आणि ठेवला. तिथे त्याच्या हाताने समासात दोनच दुरुस्त्या आहेत: वय पस्तीस, आणि आईच्या घराचा नंबर.