बाभळीतली बारीक शीळ

खर्डा,
शुक्रवार, २० फेब्रुवारी

प्रिय अश्विनीताईस,

तुझ्या कानिफचा नमस्कार. दाजींनाही सांग. पिल्लूला दात आले का?

हे पत्र मी संक्रांतीपासून टाळतोय. कागद आणला, पेन आणलं, मग रिफिल बदलायला म्हणून स्टँडवर गेलो आणि जामखेडच्या गाडीत चढून बसलो. माझं असंच, तुला काय सांगायचं. तू सारखे फोन करतेस, मी उचलत नाही. रेंजची थाप आता पुरे झाली. व्हॉट्सॲपवर लिहावं तर दाजी वाचतील आणि तासाभरात आईला कळेल. म्हणून हे तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. वाचलं की चुलीत घाल.

काम बरं चाललंय. सुनील सर किल्ल्याच्या आसपास पाहुण्यांना पाखरं दाखवतात ना, त्यांनी रविवारचं फिरणं माझ्याच गळ्यात घातलंय. पुण्याची, नगरची माणसं येतात, गळ्यात भारी भारी दुर्बिणी. चिरक आणि दयाळ यांच्यात सगळे हमखास फसतात. दोघांचे नर काळे-पांढरे, दोघं शेपूट उडवणार. मी सांगतो, दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. चिरक त्याच्याहून लहान, अंगभर काळा, खांद्यापाशी पांढरा डाग आणि शेपटीखाली विटेचा रंग. शेपूट वर केलं की तो रंग दिसलाच पाहिजे. एक बाई म्हणाल्या, "अरे, तू पुस्तक लिही." म्हटलं, "मॅडम, आधी दहावीचं तर वाचून होऊ दे!" लई हसल्या.

पांगारा फुललाय. त्यावर शिंजीर दिवसभर असतो. सावलीत नुसता काळा, उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. चोच वाकडी, जीव अंगठ्याएवढा, आवाज मात्र मैलभर जाईल असा. गेल्या रविवारी एका पोरीनं विचारलं, "दादा, हे कोण ओरडतंय?" मी आधी झाडाकडे बघितलं. हल्ली आधी बघतोच. शेंड्यावर शिंजीर होता, गळा थरथरत होता. "शिंजीर," म्हणालो. बरोबर निघालं. सगळ्यांनी मान डोलावली.

ताई, मला तो ऐकूच आला नाही.

नीट सांगतो. दिवाळीनंतर ओढ्याकडच्या बाभळीत एक नवीन शीळ ऐकू यायला लागली. बारीक, लांब, मध्ये श्वास न घेणारी. मी म्हटलं, हा पाहुणा कोण? वटवट्या असा नसतो, तो टिक टिक करतो. शिंपी त्याहून मोठ्यानं बोंबलतो. मी काट्याकुट्यातून फिरलो, शर्ट फाडून घेतला, पाखरू काही दिसेना. सुनील सरांना म्हटलं, नवीन पक्षी आलाय, कुणालाच माहीत नसलेला. सर कॅमेरा घेऊन पहाटे आले. बसलो दोघं. मी कुजबुजलो, "ऐका, आत्ता चालू आहे." सर कान देऊन बसले. म्हणाले, "कुठे रे?" मी हात करायचो, ते तिकडे बघायचे. उन्हं वर आली तरी त्यांना काही ऐकू येईना. मी मनातल्या मनात म्हटलं, सरांचं वय झालं.

मग मी एसटीनं जामखेडला चाललो होतो. काचा लावलेल्या, बाहेर धुरळा. आणि तो पक्षी गाडीत.

तेव्हा कळलं, शीळ बाभळीत नव्हतीच, माझ्याच कानात होती.

मला आधी रामहरीच आठवला. त्याच्या डीजेच्या टेम्पोवर मी तीन हंगाम काढले, मिरवणूक म्हणू नकोस, लग्न म्हणू नकोस. भिंतीएवढ्या स्पीकरच्या पुढ्यात उभं राहून वायरी बघायच्या. एकदा कानात कापूस घातला तर सगळे म्हणाले, "काय रे, बाळंतीण झालास का?" काढून टाकला.

जामखेडच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात एक बाई हाका मारून दमली, "कानिफनाथ! कानिफनाथ!" आख्ख्या रांगेनं ऐकलं, मीच सोडून. मढीच्या नाथाचा नवस म्हणून मला हे नाव, आणि नाथ तर हत्तीच्या कानातून आलेले. बाकड्यावरचा एक म्हातारा कोपरानं ढोसत म्हणाला, "आरं ए नाथा, तुलाच बोलीवतीया ती!"

आत काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काय केलं असेल? काचेपलीकडच्या बाईचा हात बघत राहिलो. तिचा हात हलला की मी बटण दाबायचो. शाळेत कॉपी करायचो तशीच. डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. मला पाठमोरं बसवलं. मग बटण दाबायची वेळ फार थोडी आली.

डॉक्टर चांगले होते. समोर बसून, तोंड माझ्याकडे करून बोलले. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते जप. यंत्र लावावं लागेल, ते मोजमाप करून ठरवायचं, घरचं कुणीतरी घेऊन ये. मी बरं म्हणून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही.

बारीक आवाज आधी जातात म्हणे. म्हणून शिंजीर गेला, वटवट्या गेला, चिरक गेला. सातभाईंची भांडणं अजून येतात, कावळाही येतो. बाप्यांचं बोलणं निम्मंअर्धं लागतं. तुझं आणि आईचं लागत नाही. फोनवर नुसतं कुणीतरी लांबून गुणगुणतंय असं वाटतं. म्हणून उचलत नाही गं. रागानं नाही.

काल शिवजयंतीची मिरवणूक झाली. रामहरी भेटला. म्हणाला, "लग्नसराईला ये की. भैऱ्यालाच ह्ये काम चांगलं, कान दुखायची भानगडच न्हाई!" त्यानं गंमत केली, त्याला काही माहीत नाही. मीही हसलो. घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं.

मला दुसरं काय येतं? गणित नाही, इंग्रजी नाही, एका जागी बसणं नाही. डोळे मिटून कोण बोलतंय ते सांगता यायचं, एवढंच माझं होतं. या रविवारी पाहुणे येणार आहेत आणि झाडाच्या शेंड्यावर काहीच दिसलं नाही तर मी काय सांगू? पूर्वी किल्ल्याच्या तटावर जाऊन बसायचो. हल्ली तिथून खाली बघितलं की मनात भलतंसलतं येतं, म्हणून जात नाही.

तू ये. माझ्याबरोबर नगरला चल. आईला मात्र सांगू नकोस. ती आणि अण्णा जोडीनं मिळून ऊसतोडीचा एक कोयता. ती उसाच्या फडातून उठली तर अण्णांना एकट्याला मुकादम ठेवणार नाही, हंगाम अर्ध्यात मोडेल. दोघं पाडव्याला येतील तोवर मी

ताई, आई आलीय.

आत्ता मोरीत हातपाय धुतेय, तेवढ्यात लिहितो. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकून उठलो. डोक्यावर बोचकं, पायात धुळीची चप्पल. फोन उचलत नाही म्हणून अण्णांना फडात ठेवून, रातोरात गाड्या बदलत आली असणार. समोरच्या पंकजाकाकू ओट्यावर उभ्या राहून आमच्याकडेच बघत होत्या. आईनं दारातून किती हाका मारल्या असतील कोण जाणे.

तिनं बोचकं ठेवलं आणि माझ्या पाठीमागे गेली. मला वाटलं, माठात पाणी आहे का बघतेय. जरा वेळानं वळलो तर ती तिथंच, माझ्याकडे तोंड करून, पदर तोंडाशी धरून उभी.

माझ्या पाठीमागून काहीतरी बोलली होती ती. काय, ते आता मला तिच्यासमोर बसून विचारायचंय.

तू निघ, ताई.

तुझा,
कानिफ