मधल्या रिकाम्या छटा

सोमवार
फोटो दुरुस्त करणाऱ्या बंधुभगिनींनो, तुमचं-माझं गाऱ्हाणं एकच! दहा मोबाइल फिरून पिचलेला फोटो लोक पुढ्यात टाकतात आणि म्हणतात, जरा झकास करून द्या!

सभा गाजवायची खोड रोजनिशीतही सुटत नाही. ताई म्हणते, श्रोते नसले तर तू कपाटालाही भाषण देशील. आज नव्या स्टुडिओत पहिला दिवस. खिडकीजवळचं टेबल मिळालं. राहायला वरचाच मजला. आम्ही दोघं भावंडं. मी वर जाईपर्यंत ताईने पडदेही लावले होते.

मालकांनी रीत समजावली. असा दाबून लहान केलेला फोटो आठ बिटचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या. कामाआधी तो सोळा बिटमध्ये न्यायचा. मग दोन पायऱ्यांमध्ये भरपूर जागा होते आणि रंग ताणले तरी पट्टे पडत नाहीत. पण हरवलेलं परत येत नाही. त्या जागा रिकाम्याच असतात. आणि मूळ फोटोवर कधीच साठवायचं नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. नियमांपुढे मान तुकवणारा मी नव्हे!

बुधवार
ताईचा एकच धड फोटो आहे, तोही अंधारलेला. आज आठ बिटमध्येच उजळला आणि मूळ फोटोवरच साठवला. गालांवर पट्टे उमटले.

संध्याकाळी ताईच्या गालांवर तेच पट्टे. नकाशात डोंगर दाखवतात तशा रेषा. ती हसली, म्हणाली, भिंतीचा रंग लागला असेल, तू भाषण नको ठोकूस. पुसले. गेले नाहीत.

गुरुवार
पट्टे तिच्या हातांवर उतरले. बोटांना कप गरम लागत नाही म्हणाली.

फोटो सोळा बिटमध्ये नेला. छटांचा आलेख फणीसारखा दिसला; दात, मध्ये फटी. जेवून आलो तर फटी भरलेल्या. मी अजून कशालाही हात लावला नव्हता. तरी साठवला. ताईसाठी.

शुक्रवार
ताई बरी आहे. गाल नितळ. मी अर्धा तास बोललो. तिने टोमणा मारला नाही. पापणीही हलवली नाही.

शनिवार
मालकांना सांगितलं. ते खुर्चीतच खचले. फटी कुणी भरल्या, एवढंच विचारत राहिले.

मी जन्मभर सभा घेतल्या. मला कळायला हवं होतं. खुर्च्या जास्त मांडल्या की रस्त्यावरचा कुणीही येऊन बसतो.

रविवार
त्या चेहऱ्यात ताई थोडीच. बाकी गर्दी.

आज तिने विचारलं, आपला एखादा फोटो आहे का. 'आपला' म्हणजे माझा — माझी ताई मला 'आपण' म्हणते —

सोमवार
स्टुडिओचं दार आतून बंद. काचेतून दिसतं, माझ्या खुर्चीत ती. पडद्यावर माझा ओळखपत्राचा फोटो. एकदा साठवलाय — माझ्या बोटांवर पट्टे, पेन हातात आहे की नाही कळत नाही —

आता सोळा बिट. फटी भरतायत.

वही दारात ठेवतोय. बंधुभगिनींनो, मालकांकडे किल्ली आहे. आत शिरलात की तिच्याशी बोलू नका. बदल साठवायचे का, असं पडद्यावर विचारलेलं असेल. फक्त 'नाही' दाबा. ती ताईच्या आवाजात हाक मारेल, तरी 'नाही' दा