डोकं शेवटी टेकवायचं

सोम. ८ जाने. ९६
नोटीस लागली. फायर सेक्शनमधल्या पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांची शारीरिक चाचणी, शनि. ३ फेब्रु. दोरावर चढणं, आणि साठ किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन शंभर पावलं. एका मिनिटात, तेही पुतळा जमिनीवर ठेवेपर्यंत. नापास झालो तर वर्दी जमा करून गेटवर खुर्चीत बसून पासांची वही लिहायची. पगार तोच राहणार. परदेशी भागीदार आल्यापासून फॅक्टरीत रोज काहीतरी नवं.
आमच्यात पंचेचाळिशीपुढचे तिघे. सोळंकी म्हणाला, "जाधव, खुरशी मळे छे तो बेसी जा ने!" त्याला खुर्ची हवीच आहे. मला मात्र...
सव्वीस वर्षं झाली या वर्दीत. हिला रात्री सांगितलं. तिनं भाकरी वाढली.

बुध. १०
शिफ्ट सुटल्यावर पहिला सराव. पुतळा म्हणजे वाळू भरलेला कॅनव्हासचा माणूस. पोरांनी त्याचं नाव मगनलाल ठेवलंय. घड्याळ राठोडकडे. चोवीस वर्षांचा, आमचा नवा इन्स्ट्रक्टर, पोरगा चांगला आहे.
एक मिनिट चौदा सेकंद. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं.
दोरावर निम्म्यातच हात सुटले. तळव्यांची सालं निघाली.

शुक्र. १२
तळव्यांना हळद-तेल. ही म्हणाली, "लग्नात लावली होती त्याहून जास्त लागली."
दोर बघितला की गावची विहीर आठवते. मोटेचा नाडा मनगटाएवढा जाड. बादली पडली आणि गळाला लागली नाही की अण्णा, माझे वडील, मलाच उतरवायचे. खाली गार, हिरवट अंधार, पारव्यांची फडफड, आणि वर ताटलीएवढं आभाळ. त्यात अण्णांचं डोकं. वरून ओरडायचे, "हात फक्त धरायला. चढतात ते पाय!"
इतकी वर्षं विसरलोच होतो. हातानंच ओढत बसलो.

रवि. १४, उत्तरायण
गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. सगळं प्रतापनगर वर आणि पतंग त्याच्याही वर. सराव बुडाला. शेजारच्या ज्योत्स्नाबेनकडून उंधियू आला. गावी आज तिळगूळ घेऊन घरोघर फिरायचो, गुरुजींना आधी. शाळा मारुतीच्याच देवळात भरायची. पाढे चुकले की गुरुजी मारुतीकडे तोंड करून उभं करायचे. शिक्षा म्हणून. मला ते आवडायचं. मुद्दाम चुकायचो कधी कधी.

गुरु. १८
दोर जमला! पायांनी. टोकाला हात लावून आलो. अण्णा.
पुतळा मात्र १.०६. राठोड म्हणतो, चाल ठीक आहे, वेळ शेवटी खाली ठेवताना जातो. "काका, मूकवामां चार-पाच सेकंड जाय छे. नाखी दो ने! मगनलाल छे, मरी नहीं जाय." सगळे हसले. मीही हसलो.
पण खरंच आहे. मी त्याला टाकत नाही. गुडघा टेकतो, आधी त्याचे पाय, मग पाठ, मानेखाली तळहात, डोकं शेवटी. हात आपोआप तसे जातात.

शनि. २०
उपास. मारुतीला तेल वाहून आलो. परत येताना हुसेनभाई आठवले, आमचे उस्ताद. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. कापसाच्या गोदामाला आग लागली. आतून एका हमालाला खांद्यावर काढला आणि अंगणात उतरवला, म्हणजे जवळजवळ फेकलाच. धूर, खोकला, मला वाटलं मी मोठं काम केलं. उस्तादांनी सगळ्यांसमोर कानफटात मारली. "बोरी है क्या? किसी का बाप है!" मग स्वतः त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.
दुसऱ्या दिवसापासून रोज एकमेकांना उचलून ठेवायचा सराव. "पहले पाँव, फिर पीठ, सर आख़िर में." पन्नास वेळा. तो हमाल जगला. पुढे दिवाळीला उस्तादांकडे मिठाई घेऊन यायचा, माझ्याकडे बघून लाजायचा. लाजायला मी हवं होतं.
उस्ताद जाऊन नऊ वर्षं झाली.

मंगळ. २३
स. साडेपाचला घरीच सराव. पुतळा नाही, म्हणून हिला म्हटलं, "चल." "वजन विचारायचं नाही," म्हणाली, पदर खोचून आली. खांद्यावर घेऊन ओसरीत फेऱ्या. तेवढ्यात ज्योत्स्नाबेन दूध घ्यायला बाहेर.
"हाय हाय, भाभीने शुं थयुं? रिक्षा बोलावुं?"
ही खांद्यावरूनच, उलटी लोंबत, "कांई नथी बेन, एमनी परीक्षा छे!"
खाली ठेवली. डोकं शेवटी. तशीच पडून बघत राहिली वर. म्हणाली, "मगनलालला पण असंच ठेवता?"
"हो."
"मग वेळ लागणारच."
हसली. पण उठल्यावर स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक दिवस टाका हो त्याला. एकच दिवस."

शनि. २७
ठरवून टाकला. धप्पकन. अठ्ठावन्न सेकंद! राठोडनं मिठी मारली. "बस काका, आवुं ज!" असंच करायचं, म्हणे.
बसमध्ये घरी येताना तो आवाज कानात. वाळूचाच आवाज. तरी.

शुक्र. २ फेब्रु.
उद्या. शनिवारच आला. ही म्हणते, उद्या उपास नको, मारुतीला कळतं. मी म्हटलं, त्याला कळतं म्हणूनच. मग साबुदाण्यावर तडजोड झाली.
देवासमोर बसलो. पास कर असं मागायचं होतं, तोंडातून आलं नाही. नुसता बसलो.
टाकायचा आहे. ठरलं आहे.

शनि. ३
दोर झाला, वेळेत.
पुतळा उचलला. पाय चांगले चालले, मला स्वतःलाच नवल. शेवटच्या रेषेवर आलो तेव्हा राठोड ओरडत होता, सोळंकी ओरडत होता, "नाखी दो! नाखी दो!" मलाही टाकायचाच होता. गुडघा कधी टेकला कळलं नाही. हात मानेखाली होता.
वरून आलेल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे. मग कागदावर लिहिलं आणि कागद उलटा केला. राठोडचं घड्याळ घाईत बंद करायचं राहून गेलं, म्हणतो. खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.
"सोमवारे बोर्ड पर," साहेब म्हणाले.
घरी ही दारातच. "टाकला?"
मी मान हलवली. नाही.
तिनं पाण्याचा तांब्या दिला. "बसा आधी," म्हणाली.

सोम. ५
स. साडेपाच. खुर्चीवर दोन जोड ठेवलेत हिनं. इस्त्रीची वर्दी, आणि तिच्याशेजारी साधा पांढरा शर्ट. पट्ट्याचं बक्कल घासून चकचकीत केलंय.
"हे काय?"
"तुम्ही बघा. मला काय कळतं त्यातलं."
वर्दी घातली. बोर्ड गेटच्या आत आहे. तिथवर तरी याच कपड्यांत जाईन, पुढचं...
बस आली.